लॉरेलची हेज: कधी कापायची, कशाने आणि किती

दर वर्षी मे महिना लागला की मला ओळखीतल्यांचे फोटो येऊ लागतात. फोटोत लॉरेलची हेज, म्हणजे झुडपांचं कुंपण असतं. पानांच्या कडा करपलेल्या, मधे भोकं पडलेली, खालचा हातभर भाग उघडाबोडका. सोबत प्रश्न: "ताई, कसला रोग आहे हा? काय फवारू?" मी आधी एकच विचारते. शेवटची कधी कापली होती, आणि कशाने?

उत्तर बहुतेक वेळा दोनांपैकी एक असतं. कोणी दिवाळीच्या आवराआवरीत घरासोबत बागही आवरून टाकलेली असते, तर कोणी एप्रिलमधलं पहिलं ऊन बघून विजेचं ट्रिमर फिरवलेलं असतं. हे झाड चिवट आहे, सहसा मरत नाही. पण चुकीच्या वेळी कापलं की पुढचं वर्षभर दुखणाईत राहतं, आणि मग लोक औषधांवर पैसे घालतात. म्हणून हा लेख मुख्यतः कापणीबद्दल आहे. इंग्लंडमध्ये घर घेतल्यावर ज्यांच्या वाट्याला आयती लॉरेलची हेज आली, त्यांच्यासाठी.

टप्पा १: झाड कोणतं आहे, याची खात्री करा

इंग्लंडमध्ये 'लॉरेल' नावाने चार-पाच वेगळी झाडं चालतात. आपण बोलतोय ते चेरी लॉरेल. पान वीतभर लांब, जाड, वरून चकचकीत. एप्रिलच्या सुमारास पांढऱ्या फुलांचे उभे तुरे येतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात चेरीसारखी काळी फळं. हेजसाठी 'रोटुंडिफोलिया' ही मोठ्या पानांची जात सर्रास लावलेली दिसते. 'ओटो लायकेन' ही बुटकी जात, साधारण कमरेच्या उंचीपर्यंतच जाते आणि तिला कापणी फार थोडी लागते. पानांचे देठ लालसर आणि पानं जरा लहान असतील तर ते पोर्तुगीज लॉरेल. त्याची निगा जवळपास हीच. पानांवर पिवळे शिंतोडे असतील तर ते ऑक्युबा, त्याला हा लेख लागू नाही.

आणखी एक लॉरेल आहे, आणि तिथे घोटाळा झाला तर जिवावर बेतू शकतं. इथल्या दुकानात 'बे लीफ' म्हणून मिळणारं पान बे लॉरेलचं असतं. आपण मसालेभातात तमालपत्राऐवजी बऱ्याचदा तेच वापरतो. "आपल्या बागेतच लॉरेल आहे की" म्हणून कोणी चेरी लॉरेलचं पान फोडणीत टाकू नये.

> सावधान: चेरी लॉरेलची पानं, फांद्या आणि फळातली बी विषारी आहे. पान चुरगळलं की त्यातून सायनाइड तयार होतं. पूर्वी कीटकसंग्राहक बरणीत याच पानांचा चुरा ठेवून किडे मारत. मूल पान किंवा बी चावताना दिसलं तर तोंडातला चोथा लगेच काढा आणि लक्षणांची वाट न बघता १११ या वैद्यकीय सल्ल्याच्या नंबरला फोन लावा. श्वासाचा त्रास, गुंगी किंवा झटके दिसले तर थेट आणीबाणीचा ९९९.

ओळख पटवायला एक पान घ्या, मधे मोडा, जरा चुरगळा आणि लांबूनच वास घ्या. कडू बदामासारखा वास आला तर ते चेरी लॉरेल. हात धुवा. मग पान उलटं करा. देठाजवळ, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना बारीक ठिपके दिसतील. माझ्या एका मैत्रिणीने ती किड्यांची अंडी समजून दोन वेळा कीटकनाशक मारलं होतं. ती झाडाची मधग्रंथी आहे, तिथे मुंग्या येतात, त्याला काही करायचं नसतं.

टप्पा २: महिना ठरवा

मुख्य कापणी ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात करा. फार तर सप्टेंबरचा पहिला आठवडा. हेच दिवस का, ते समजून घेतलं की उरलेल्या चुका आपोआप टळतात.

आपल्याकडे पावसाळ्यात मेंदी, कामिनी कापली तरी चालते, उबदार हवेत ती लगेच फुटते. इथला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ ओला आणि थंडही असतो. लॉरेल हे आलुबुखार-चेरीच्या कुळातलं झाड. या कुळाला 'सिल्व्हर लीफ' नावाची बुरशी ताज्या जखमेतून शिरते, आणि तिचे बीजाणू दमट शरद-हिवाळ्यात जास्त असतात. थंडीत जखमही लवकर भरत नाही. म्हणून दिवाळीच्या आवराआवरीत हेजला हात लावू नका. घर आवरा, बाग राहू द्या.

मार्च ते ऑगस्ट हा पक्ष्यांच्या घरट्यांचा मुख्य काळ. लॉरेलच्या दाट पानात ब्लॅकबर्ड हमखास घरटं करतो. वापरातलं घरटं जाणूनबुजून मोडणं हा १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, एकदा फांदी बाजूला केल्यावर आत चार उघड्या चोची दिसल्या, तेव्हापासून मी पूर्ण हेज तपासल्याशिवाय सिकेटर (छाटणीची हातकात्री) उचलत नाही. एप्रिल-मेमधल्या कापणीचा आणखी एक तोटा आहे. कापल्यावर लगेच लुसलुशीत नवी फूट येते आणि भुरी ही पांढरी बुरशी नेमकी त्याच फुटीवर बसते.

ऑगस्टच्या अखेरीस बहुतेक पिल्लं उडून गेलेली असतात, हवा अजून उबदार असते, आणि येणारी थोडीशी फूट थंडी पडायच्या आत पक्की होते. वर्षाला ३० ते ६० सेंटीमीटर वाढणाऱ्या या झाडाला अशी एक कापणी पुरते. मधे एखादी फांदी वाटेत आली तर तेवढीच सिकेटरने काढा.

*तपासा:* पुढचे दोन दिवस पाऊस नाही ना? आकाश ढगाळ असेल तर फारच उत्तम, कारण आजवर सावलीत असलेली आतली पानं कडक उन्हात एकदम उघडी पडली तर भाजतात.

टप्पा ३: आदल्या दिवशीची तयारी

सिकेटर हवी, लांब दांड्याची कात्री हवी, आणि अंगठ्याहून जाड फांद्यांसाठी छाटणीची करवत. सिकेटरचं पातं कागदावर चालवून बघा. कागद फाटत असेल, कापला जात नसेल, तर आधी धार लावा. बोथट पात्याने साल चेचते आणि चेचलेली जखम कुजते. पाती स्पिरिटने पुसून घ्या. रोगट फांदी कापल्यावर दर वेळी पुन्हा पुसा.

हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोळ्यांना चष्मा. हेजच्या बुडाशी जुनी चादर किंवा ताडपत्री अंथरा, म्हणजे पडलेली पानं आणि फळं एकत्र उचलता येतात. ऑगस्टअखेर काही फळं काळी झालेली असतात आणि लहान मुलांना ती चेरीच वाटते.

मग दोरी. हे काम लोक टाळतात आणि नंतर हेज समुद्राच्या लाटेसारखी दिसते. दोन टोकांना बांबू रोवा आणि हव्या त्या उंचीवर ताणून दोरी बांधा. ही उंची तुम्हाला अखेरीस हवी त्याहून निदान फूटभर कमी धरा, कारण वर्षभरात ती वाढणारच आहे. मी १ मीटर ७० सेंटीमीटरवर बांधते.

शेवटी हेजमध्ये डोकं घालून आतून बघा. काठीने हलवू नका. दहा मिनिटं लांब बसून पाहा, चोचीत किडे घेऊन पक्षी आत-बाहेर करतोय का. करत असेल तर कापणी दोन-तीन आठवडे पुढे ढकला.

टप्पा ४: कापणी, याच क्रमाने

पहिला प्रश्न ट्रिमरचा. लॉरेलचं पान मोठं असतं. ट्रिमर फांद्यांबरोबर शेकडो पानं अर्धवट कापत जातं. त्या दिवशी हेज अगदी सफाईदार दिसते. आठवड्याभरात प्रत्येक अर्ध्या पानाची कड तपकिरी होते, आणि ही पानं लगेच गळतही नाहीत, महिनोन्‌महिने तशीच टिकतात. मे महिन्यातल्या फोटोंत मला बरेचदा हेच दिसतं. रोग नसतोच तो. म्हणून दहा-बारा मीटरपर्यंतची हेज सिकेटरनेच कापा, एका दिवसाचं काम आहे. त्याहून लांब असेल तर ट्रिमरने ढोबळ आकार द्या आणि मग सिकेटर घेऊन समोरून दिसणारी अर्धी पानं देठापासून काढून टाका.

१. आधी मेलेल्या, वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. फांदी जिवंत आहे का कळत नसेल तर नखाने साल खरवडा. खाली हिरवं दिसलं तर जिवंत.

२. मग बाजू, खालून वर. खालून सुरुवात केली की कापलेला पाला खालच्या फांद्यांत अडकत नाही आणि आकारही नजरेत राहतो.

३. बाजू सरळ उभी ठेवू नका. बुडाशी रुंद, शेंड्याकडे निमुळती ठेवा. बुडाशी ७५ सेंटीमीटर असेल तर वर ५० पुरे. वरचा भाग रुंद झाला की खालच्या फांद्यांवर ऊन पडत नाही आणि त्या उघड्या पडत जातात. एकदा उघडं पडलेलं बूड साध्या कापणीने भरत नाही.

४. शेवटी माथा, दोरीच्या आधाराने.

प्रत्येक काप कुठे द्यायचा ते नीट बघा. या वर्षीची फूट फिकट हिरवी आणि लवचीक असते, गेल्या वर्षीचं लाकूड तपकिरी. फांदी धरून आत मागे या, बाहेरच्या रेषेपासून चार बोटं आत, आणि जिथे पान देठाने चिकटलंय त्याच्या लगेच वर काप द्या. त्या पानाच्या बगलेत डोळा असतो, पुढची फूट तिथूनच येते. पानाच्या पुष्कळ वर काप दिला तर मधला खुंट वाळतो. काप आत राहिला की समोरची पानं त्यावर झाकण घालतात आणि दूरवरून हेज कापलीय हेच कळत नाही.

*तपासा:* दर दोन मीटरनंतर दहा पावलं मागे या आणि बघा. जवळून सरळ वाटणारी रेषा लांबून कलती निघते. आणि हिरव्या फुटीच्या मागे, पानंच नसलेल्या लाकडापर्यंत कापत गेला असाल तर थांबा. तसं कापणं वेगळं काम आहे, ते टप्पा ८ मध्ये.

टप्पा ५: कापलेला पाला

लोक इथे बेसावध असतात, कारण काम संपल्यासारखं वाटतं.

> सावधान: ताज्या पाल्याचा ढीग बंद गाडीत भरून रीसायकलिंग सेंटरला नेऊ नका. चिरडलेल्या पानांतून निघणारा वायू बंद जागेत साठतो, डोकं दुखतं, गरगरतं. न्यायचाच असेल तर थोडा-थोडा, खिडक्या उघड्या ठेवून. श्रेडर (पाला बारीक करणारं यंत्र) चालवायचं तर उघड्यावर, वारा पाठीवर येईल असं उभं राहून. शेडमध्ये किंवा गॅरेजमध्ये मुळीच नाही.

काउन्सिलची बागेच्या कचऱ्याची बिन सगळ्यांत सोपी. बारीक केलेला पाला घरच्या खतात चालतो, फक्त पानं जाड असल्याने कुजायला वेळ लागतो. ससे, गिनीपिग, शेळ्या, घोडे यांच्यापुढे ही पानं कधीही टाकू नका. शेजारच्या पडीक जागेत किंवा रानाच्या कडेलाही फेकू नका. फळांमधून हे झाड इंग्लंडच्या रानांत शिरलंय आणि त्याच्या दाट सावलीखाली दुसरं काही उगवत नाही.

टप्पा ६: पाणी, खत, आच्छादन

जुन्या, मुरलेल्या हेजला इथल्या हवेत पाणी घालावं लागत नाही. लागवडीला दोन उन्हाळे व्हायचे आहेत अशा रोपांना मात्र हवं. आपली सवय रोज संध्याकाळी पाइप घेऊन वरून शिंपडण्याची. त्याने दोन्हीकडून तोटा होतो. पानं ओली राहून ठिपके पसरतात, आणि पाणी वरच्या दोन इंचांतच राहिल्याने मुळं खोल जात नाहीत. त्यापेक्षा प्रत्येक रोपाला आळं करा आणि कोरड्या दिवसांत आठवड्यातून एकदा १० लिटरची झारी सावकाश बुडाशी रिकामी करा. कडक उन्हाळा असेल तर दोनदा. पावसाचं पाणी साठवायचं पिंप ठेवलंत तर होजपाइप बंदीतही अडत नाही.

खत वर्षातून एकदा, मार्चमध्ये. ग्रोमोर हे सर्वसाधारण दाणेदार खत चौरस मीटरला ७० ग्रॅम, मातीत हलक्या हाताने मिसळून. जुलैनंतर खत नको. उशिरा आलेली कोवळी फूट पहिल्या हिमकणांत काळी पडते. खतानंतर माती ओली असताना कंपोस्ट किंवा सालींचं पाच-सात सेंटीमीटर आच्छादन घाला, आणि खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा. खोडाला टेकवलेलं ओलं आच्छादन साल कुजवतं.

टप्पा ७: पानं काय सांगतायत

फवारणीच्या आधी हे वाचा.

*आतली जुनी पानं पिवळी होऊन गळतात, वसंत ते जूनच्या सुमारास.* नेहमीची पानगळ. सदाहरित म्हणजे पान कधीच गळत नाही असं नाही. काही करू नका.

*तपकिरी गोल ठिपके, मग तेवढा भाग गळून छर्‍याने मारल्यासारखी भोकं.* याला शॉट-होल म्हणतात. बुरशीने होतो तसा जिवाणूंनीही होतो, आणि पावसाच्या उडणाऱ्या थेंबांनी पसरतो. जिवाणूवर घरच्या बागेसाठी औषध नाही. कोरड्या दिवशी जास्त भोकांच्या फांद्या काढा, खाली पडलेली पानं उचला, आत हवा खेळेल इतपत विरळणी करा, मार्चचं खत चुकवू नका. जोमदार झाड यातून सावरतं.

*शेंड्याची कोवळी पानं वाकडी-तिकडी, फाटकी, मागून पांढरट भुकटी.* भुरी. इथे लोक फसतात, कारण लॉरेलवर भुरीनेही भोकं पडतात आणि पांढरेपणा फारसा दिसत नाही. मुळाशी कोरड असेल तर ती बळावते. बुडाशी पाणी आणि आच्छादन द्या, शेंडे खुडून बिनमध्ये टाका.

*शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा.* उथळ चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही. चिल्टर्नच्या डोंगरांकडे घरं आहेत त्यांना हे दिसतं. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) द्या, आच्छादन वाढवा. जमीन अगदीच चुनखडीची असेल तर नव्याने लॉरेल लावू नका.

*पानांच्या कडेला करवतीसारखे खाच.* व्हाइन वीव्हिल हा भुंगा रात्री कुरतडतो. जमिनीतल्या मोठ्या हेजला त्याने फरक पडत नाही. कुंडीतल्या रोपाची मुळं मात्र त्याच्या अळ्या फस्त करतात. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात, माती उबदार असताना, या अळ्या मारणाऱ्या सूत्रकृमींची मात्रा मातीत द्या.

*एखाद्याच फांदीच्या पानांना चंदेरी झाक, आणि फांदी हळूहळू मरते.* फांदी आडवी कापून बघा. लाकडाच्या आत तपकिरी डाग असेल तर सिल्व्हर लीफ. डाग संपतो त्याच्याही खाली १५ सेंटीमीटर निरोगी लाकडात काप द्या. हा काप ऋतूसाठी थांबवू नका.

*पूर्ण झाड मलूल, माती सतत ओली.* पाणी तुंबून मुळं कुजतायत. पाणी बंद करा, निचऱ्याची सोय करा. अशा वेळी खत घालणं म्हणजे आजाऱ्याला पक्वान्न वाढणं.

टप्पा ८: हाताबाहेर गेलेली हेज

जुन्या मालकाने सोडून दिलेली, तीन मीटर उंच, दीड मीटर जाड हेज मिळाली तर घाबरू नका. लॉरेल जुन्या लाकडातूनही फुटतं. फक्त सगळं एका वर्षात करायचं नाही.

यासाठी वेळ वेगळी: फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचे पहिले दिवस, घरटी सुरू व्हायच्या आत. सिल्व्हर लीफचा धोका इथे थोडा पत्करावा लागतो, कारण इतकं खोल कापल्यावर झाडाला संपूर्ण वाढीचा हंगाम पुढे हवा. सलग कोरडे दिवस बघूनच करवत उचला.

१. आदल्या वर्षी खत-आच्छादन देऊन झाड सशक्त करा. आजारी हेज एवढी मोठी कापणी सोसत नाही.

२. पहिल्या वर्षी एकच बाजू, मुख्य खोडापासून वीतभरापर्यंत आत. दुसरी बाजू आणि माथा जसाच्या तसा.

३. लगेच खत आणि आच्छादन. त्या उन्हाळ्यात जुन्या हेजलाही पाणी द्या.

४. कापलेल्या बाजूला दाट फूट आली की पुढच्या वर्षी दुसरी बाजू. फूट कमी असेल तर आणखी एक वर्ष थांबा.

५. माथा सर्वांत शेवटी.

आमच्या हेजची अशी कापलेली पहिली बाजू एप्रिलभर नुसत्या वाळक्या काठ्यांसारखी दिसत होती आणि घरातले सगळे मला बोलत होते. मेच्या मध्यावर खोडाच्या सालीतून मोहरीएवढे हिरवे ठिपके फुटले. जूनअखेर काठ्या दिसेनाशा झाल्या होत्या. त्या सहा आठवड्यांत जास्तीचं खत घालायची, पुन्हा कापायची घाई करू नका.

नवीन रोपं लावत असाल तर

उघड्या मुळांची रोपं नोव्हेंबर ते मार्च मिळतात आणि स्वस्त पडतात. जमीन गोठलेली नको, चिखलही नको. वाफसा आला की लावा. दोन रोपांत ६० ते ७५ सेंटीमीटर अंतर ठेवा. लवकर भिंत व्हावी म्हणून फूटभरावर लावलेली रोपं पुढे एकमेकांचं ऊन आणि पाणी खातात. कुंपणापासून निदान पाऊण मीटर आत या, कारण मोठी झाल्यावर तुम्हाला मागच्या बाजूलाही हात पोचवायचा आहे. रोप नर्सरीत जितकं खोल होतं तितकंच ठेवा, त्याहून खोल गाडू नका.

शेजाऱ्याच्या बाजूचं

२००३ च्या कायद्यानुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये २ मीटरहून उंच सदाहरित हेज शेजाऱ्याचं ऊन अडवत असेल, तर बोलणं फसल्यावर तो काउन्सिलकडे तक्रार करू शकतो आणि काउन्सिल उंची कमी करायचा आदेश देऊ शकतं. माझी १ मीटर ७० सेंटीमीटरची दोरी त्यासाठीच आहे. शेजाऱ्याच्या हेजच्या फांद्या तुमच्याकडे आल्या असतील तर हद्दीपर्यंत कापता येतात, त्यापलीकडे नाही. कापलेल्या फांद्या कायद्याने त्याच्याच राहतात, म्हणून भिंतीवरून फेकण्याआधी हव्यात का विचारा. आणि कापायच्या आठवडाभर आधी दार वाजवून तारीख सांगा. त्याच्या बाजूचा पाला उचलायला तुम्हाला त्याच्या बागेत जावं लागणारच आहे.